अस्थींचा अभ्यासक : आंद्रेआस व्हेसेलियस

आपल्या कानाखाली बोट ठेवा आणि ते खालच्या जबड्याच्या कडेने हनुवटीवरून दुसऱ्या कानापर्यंत फिरवून पाहा. मध्ये कोठेही सांधा लागत नाही. घोड्याच्या नालेप्रमाणे वळलेले ते एकच हाड आहे. ही गोष्ट इतकी साधी आहे की, ती जाणून घेण्यासाठी कोणा पंडिताकडे जाण्याची आवश्यकता नाही. तरीही सुमारे तेराशे वर्षे युरोपातील मोठमोठे वैद्य आपल्या शिष्यांना असे शिकवीत आले की, माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा बनलेला असतो. ते तसे शिकवीत, कारण ग्रंथात तसे लिहिलेले होते. ग्रंथ क्षणभर बाजूला ठेवून प्रत्यक्ष हाड हाती घ्यावे आणि ते काय सांगते हे पाहावे, असे ज्याने निश्चयाने ठरविले, त्या पुरुषाचे नाव आंद्रेआस व्हेसेलियस.

हा ग्रंथ ज्याचा होता तो कोणी सामान्य मनुष्य नव्हता. गेलेन हा दुसऱ्या शतकातील थोर ग्रीक वैद्य. त्याने रोम नगरीत सम्राटांवर उपचार केले आणि वैद्यकावर विपुल लेखन केले. परंतु त्या काळी मनुष्याच्या मृत शरीराचे विच्छेदन करणे निषिद्ध मानले जाई. म्हणून गेलेनने माकडे, डुकरे व इतर प्राणी यांची शरीरे तपासली आणि त्यांत जे दिसले ते मनुष्यातही तसेच असणार, असे धरून चालला. त्याची पुष्कळशी अनुमाने बरोबर ठरली, काही मात्र चुकली. पुढे शतकांमागून शतके गेली. गेलेनचे ग्रंथ प्रमाण मानले गेले आणि त्यांतील सत्याबरोबर त्यांतील चुकाही पूज्य होऊन बसल्या.

व्हेसेलियसचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. हे शहर आज बेल्जियम देशाची राजधानी आहे. त्याच्या घराण्यात वैद्यकाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्याचे वडील सम्राट पाचवा चार्ल्स याच्या दरबारी औषधे तयार करण्याचे काम करीत. पूर्वजांनी जमविलेले वैद्यकग्रंथ घरात होते. लहानपणापासूनच त्याला प्राण्यांच्या शरीरांची अंतर्रचना पाहण्याचा छंद जडला होता. लूव्हेन येथील विद्यापीठात लॅटिन व ग्रीक या भाषांचे अध्ययन करून १५३३ साली तो वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला. त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता.

पॅरिसमध्ये सिल्व्हियस नावाचे नामांकित आचार्य शरीररचना शिकवीत असत. गेलेनच्या वचनांवर त्यांची अढळ श्रद्धा होती. त्या काळची अध्यापनाची रीतही मोठी विलक्षण होती. आचार्य उंच आसनावर बसून ग्रंथ वाचीत. खाली मेजावर मृत शरीर ठेवलेले असे, आणि ते उघडण्याचे काम एखाद्या अशिक्षित न्हाव्याकडे सोपविलेले असे. ज्याला ग्रंथ समजत होता तो शरीराला हात लावीत नव्हता आणि ज्याचा हात शरीराला लागत होता त्याला ग्रंथ समजत नव्हता. अशा स्थितीत ग्रंथ व शरीर यांची गाठ पडणार कशी? विद्यार्थी दुरून माना उंचावून पाहत आणि ऐकलेले तेवढे लिहून घेत.

व्हेसेलियसला या शिक्षणाने समाधान होईना. मृत शरीरे क्वचितच मिळत, परंतु हाडे मिळण्यासारखी होती. पॅरिसमध्ये एक अतिशय जुनी दफनभूमी होती. तेथे जागा अपुरी पडे, म्हणून जुन्या थडग्यांतील हाडे उकरून त्यांचे ढीग रचून ठेवीत. व्हेसेलियस आपल्या सोबत्यांसह तासन्‌तास त्या ढिगांजवळ बसून राही. एकेक हाड उचलावे, त्याचा आकार न्याहाळावा, त्यावरील खाचा व उंचवटे बोटांनी चाचपावेत, दुसऱ्या हाडाशी ते कसे जुळते हे पाहावे, असा त्याचा क्रम चाले. पुढेपुढे त्याची इतकी तयारी झाली की, डोळ्यांवर पट्टी बांधून हातात कोणतेही हाड दिले तरी केवळ स्पर्शाने तो ते ओळखी. सोबत्यांबरोबर तो तशी पैजही लावीत असे.

१५३६ साली फ्रान्सचा राजा व सम्राट चार्ल्स यांच्यात युद्ध पेटले. व्हेसेलियस सम्राटाचा प्रजाजन असल्यामुळे त्याला पॅरिस सोडून लूव्हेनला परतावे लागले. एके दिवशी गेमा फ्रिसियस या गणितज्ञ मित्राबरोबर तो गावाबाहेर फिरावयास गेला असता, देहदंड झालेल्या गुन्हेगारांची शरीरे ज्या ठिकाणी टांगून ठेवीत तेथे तो आला. एका खांबावर एक सबंध सांगाडा लोंबत होता. पक्ष्यांनी मांस खाऊन टाकल्यामुळे हाडे उघडी पडली होती, परंतु अस्थिबंध शाबूत असल्यामुळे ती एकमेकांना धरून होती. एका मनुष्याची सर्व हाडे एकत्र मिळण्याची ही पहिलीच संधी होती. मित्राच्या साहाय्याने तो खांबावर चढला आणि हातापायांची हाडे त्याने काढून घेतली. धड साखळीने जखडलेले होते. ते काढण्यासाठी तो सायंकाळी वेशीबाहेरच राहिला आणि रात्रीच्या अंधारात एकटाच पुन्हा तेथे गेला. मग ती हाडे त्याने थोडी थोडी करून गुप्तपणे घरी आणली, पाण्यात उकळून स्वच्छ केली आणि त्यांचा सांगाडा जुळविला. काही लहान हाडे कमी पडली, ती त्याने दुसरीकडून मिळविली. लोकांनी विचारले तेव्हा हा सांगाडा आपण पॅरिसहून आणला असे त्याने सांगून टाकले.

हे कृत्य चोरीचेच होते आणि त्यासाठी तो खोटेही बोलला. सत्य शोधणाऱ्याला हे शोभणारे नव्हते. परंतु ज्या समाजाला वैद्य हवे होते, त्याने वैद्यांना ज्ञान मिळविण्याचा मार्ग मात्र मोकळा ठेवला नव्हता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

यानंतर व्हेसेलियस इटलीतील पॅड्युआ विद्यापीठात गेला. ५ डिसेंबर १५३७ रोजी त्याला वैद्यकाची सर्वोच्च पदवी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया व शरीररचना शिकविण्यासाठी त्याची नेमणूक झाली. त्या वेळी त्याला तेविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. नेमणूक होताच त्याने जुनी रीत मोडली. उंच आसन सोडून तो खाली मेजाजवळ येऊन उभा राहिला. न्हाव्याच्या हातातील सुरी त्याने स्वतःच्या हाती घेतली. आता जो बोलत होता तोच दाखवीत होता. त्याची व्याख्याने ऐकण्यासाठी विद्यार्थ्यांची दाटी होऊ लागली. पुढे पॅड्युआच्या एका न्यायाधीशालाही या कार्याचे महत्त्व पटले आणि देहदंड झालेल्यांची शरीरे अभ्यासासाठी त्याला मिळू लागली.

विच्छेदनास प्रारंभ करण्यापूर्वी व्हेसेलियस विद्यार्थ्यांना प्रथम सांगाडा दाखवीत असे. हाडांचे ज्ञान हा शरीरज्ञानाचा पाया आहे, असे त्याचे मत होते. घराला जसे खांब व वासे, तंबूला जशा काठ्या, तशीच शरीराला हाडे आहेत, हे तो समजावून देई. मेंदू नाजूक आहे, म्हणून कवटीची हाडे दंतुर कडांनी एकमेकांत घट्ट गुंतून त्याच्याभोवती पेटी तयार करतात. हृदय व फुप्फुसे यांना रक्षणही हवे आणि श्वासाबरोबर हलण्यास मोकळीकही हवी, म्हणून त्यांच्याभोवती बरगड्यांचा लवचिक पिंजरा आहे. पाठीचा कणा एकाच हाडाचा असता तर आपल्याला वाकता आले नसते, म्हणून तो अनेक मणक्यांचा बनलेला आहे. सांध्यांच्या टोकांशी गुळगुळीत कूर्चा आहे, त्यामुळे हाडावर हाड घासत नाही. स्नायू हाडांना ओढतात, हाडे तरफेप्रमाणे हलतात आणि त्यामुळे आपण चालतो, धावतो, लिहितो.

आज आपल्याला यापेक्षा पुष्कळ अधिक माहिती आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सामान्यतः २०६ हाडे असतात. त्यांपैकी प्रत्येक हातात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत २७ आणि प्रत्येक पावलात २६ असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे केवळ हातापायांच्या पंजांतच आहेत. मांडीचे हाड सर्वांत लांब, तर कानातील रिकिबीच्या आकाराचे हाड सर्वांत लहान असते. हाडांच्या आतील तांबड्या मज्जेत रक्तपेशी निर्माण होतात आणि शरीरातील कॅल्शियमचा मुख्य साठा हाडांतच असतो. ही शेवटची दोन कार्ये व्हेसेलियसच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हती. सूक्ष्मदर्शक यंत्र तेव्हा अस्तित्वात आले नव्हते.

१५३८ साली व्हेसेलियसने विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचे सहा मोठे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांपैकी तीन सांगाड्याचे होते. ते कालकार नावाच्या चित्रकाराने काढले आणि उरलेले तीन स्वतः व्हेसेलियसने काढले. हे तक्ते लोकांना फार आवडले. परंतु त्यांत एक मोठा दोष होता. जेथे शरीर एक सांगत होते आणि गेलेन दुसरे सांगत होता, तेथे व्हेसेलियसने अनेकदा गेलेनचीच बाजू घेतली होती. गेलेनने लिहिल्याप्रमाणे त्याने यकृताचे पाच भाग दाखविले. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे अद्भुत जाळे असते, असे गेलेन म्हणे. व्हेसेलियसला ते माणसात कधीच दिसले नव्हते, तरी त्याने ते चित्रात काढले. इतकेच नव्हे, तर व्याख्यानाच्या वेळी तो मेंढराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवी आणि माणसात जे सापडत नसे ते त्यात दाखवून वेळ निभावून नेई. पुढे त्याने स्वतःच आपल्या ग्रंथात या गोष्टीची कबुली दिली आणि आपण इतके अंध कसे झालो होतो याबद्दल खेद व्यक्त केला. दुसऱ्याची चूक दाखविणे सोपे असते. ज्या चुकीमुळे आपली कीर्ती झाली ती चूक जगापुढे मान्य करण्यास फार मोठे धैर्य लागते.

त्याचे डोळे पुरते उघडले ते १५४० साली. त्या वर्षीच्या जानेवारी महिन्यात बोलोन्या येथे व्याख्याने देण्यासाठी त्याला निमंत्रण आले होते. तेथे त्याने माणसाचा व माकडाचा असे दोन सांगाडे जुळविले. त्यांची तुलना करताना त्याला असे दिसले की, गेलेनने वर्णिलेला कण्याच्या मणक्यावरील एक लहानसा फाटा माणसाच्या सांगाड्यात नाही, तो माकडाच्या सांगाड्यात आहे. गोष्ट लहान होती, परंतु तिच्यामुळे साऱ्या कोड्याचा उलगडा झाला. गेलेन खोटे बोलला नव्हता. त्याने जे पाहिले ते लिहिले होते, पण त्याने पाहिला होता तो प्राणी माणूस नव्हता!

आता व्हेसेलियसने एकेक हाड नव्याने तपासण्यास प्रारंभ केला. खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकसंध आहे. छातीच्या मध्यभागी असलेले हाड सात तुकड्यांचे नसून तीन भागांचे आहे. गेलेनच्या मते मांडीच्या हाडाखालोखाल दंडाचे हाड लांब असते. प्रत्यक्षात माणसाच्या पोटरीतील दोन्ही हाडे दंडाच्या हाडाहून लांब भरली. पुरुषाला स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते, अशीही एक समजूत रूढ होती. पहिली स्त्री पहिल्या पुरुषाच्या बरगडीपासून निर्माण झाली, या बायबलातील कथेवरून ती आली होती. व्हेसेलियसने दोघांच्याही बरगड्या मोजून त्या बारा-बारा जोड्याच असतात, हे दाखवून दिले.

हे सर्व ज्ञान ग्रंथरूपाने मांडण्यासाठी त्याने अपार परिश्रम केले. कुशल कलावंतांकडून त्याने चित्रे काढवून घेतली व ती लाकडी ठोकळ्यांवर कोरविली. तयार झालेले ठोकळे इटलीतून आल्प्स पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी पाठविण्यात आले. तेथे ओपोरिनस हा विद्वान मुद्रक होता. छपाईवर देखरेख करण्यासाठी व्हेसेलियस स्वतः तेथे जाऊन राहिला. १५४३ साली मानवी शरीराच्या रचनेवरील त्याचा सात भागांचा महान ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. ग्रंथाचा पहिलाच भाग हाडांविषयी होता. त्यातील सांगाडे निर्जीव वाटत नाहीत. एक सांगाडा कुदळीसारख्या अवजारावर रेलून उभा आहे, दुसरा एका कवटीवर हात ठेवून विचारमग्न झाला आहे. हाडे म्हणजे केवळ मृत्यूची खूण नव्हे, जिवंत माणसाला उभे राहण्याचे व हालचाल करण्याचे सामर्थ्य तीच देतात, असे जणू ती चित्रे सांगतात. योगायोग असा की, त्याच वर्षी सूर्याभोवती पृथ्वी फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथही प्रसिद्ध झाला.

बाझेलमधील मुक्कामात व्हेसेलियसने देहदंड झालेल्या याकोब कारर नावाच्या गुन्हेगाराच्या शरीराचे विच्छेदन केले आणि त्याचा सांगाडा जुळवून तो तेथील विद्यापीठाला दिला. तो सांगाडा बाझेलच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे.

ग्रंथाचा गौरव झाला, तसा विरोधही झाला. सर्वांत कडवा विरोध केला तो त्याच्या गुरूने, सिल्व्हियसने. गेलेन चुकला हे त्याला सहनच होईना. गेलेनच्या काळानंतर मनुष्याचे शरीरच बदलले असले पाहिजे, असे तो म्हणू लागला. मांडीचे हाड गेलेनने सांगितल्यासारखे वाकडे न दिसता सरळ दिसते, याचे कारण हल्लीच्या तंग विजारी होत, असाही युक्तिवाद करण्यात आला. १५५१ साली तर सिल्व्हियसने आपल्या शिष्याला वेडा ठरविणारे पुस्तकच लिहिले. वास्तविक व्हेसेलियसच्या मनात गेलेनविषयी अनादर नव्हता. गेलेनच्या ग्रंथांची शुद्ध आवृत्ती तयार करण्याच्या कामी त्याने स्वतः साहाय्य केले होते. थोरांचा मान राखणे आणि त्यांची चूक सुधारणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे त्याला उमगले होते.

परंतु निंदेने त्याचे मन विटले. रागाच्या भरात त्याने आपली पुष्कळशी टिपणे जाळून टाकली आणि अध्यापन सोडून सम्राट चार्ल्सच्या पदरी वैद्याची नोकरी पत्करली. युद्धांत जखमी झालेल्या सैनिकांवर त्याने उपचार केले. १५५५ साली त्याने आपल्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे चार्ल्सचा पुत्र दुसरा फिलिप याच्या सेवेत तो स्पेनमध्ये गेला. तेथे मानसन्मान होता, वेतन होते. परंतु ज्याने कधी काळी हाडांच्या ढिगाऱ्यात दिवस घालविले, त्याला अभ्यासासाठी एखादी कवटी मिळणेही तेथे दुर्घट झाले.

त्याच्या ग्रंथातही उणिवा होत्याच. कानातील हातोडी व ऐरण यांच्या आकाराची दोन चिमुकली हाडे त्याने वर्णिली होती, परंतु तिसरे रिकिबीसारखे हाड त्याच्या दृष्टीतून निसटले. ते इतरांनी शोधले. पॅड्युआ येथे शिकविणाऱ्या फॅलोपियसने आपल्या ग्रंथात व्हेसेलियसच्या काही चुका दाखवून दिल्या. तो ग्रंथ वाचून व्हेसेलियस सिल्व्हियससारखा संतापला नाही. त्याने सौजन्याने सविस्तर उत्तर लिहिले. जो न्याय त्याने गेलेनला लावला, तोच दुसऱ्या कोणी आपल्याला लावला असता त्याने तो मानला.

१५६४ साली व्हेसेलियस जेरुसलेमच्या यात्रेस गेला. परतीच्या प्रवासात ग्रीसजवळच्या झँटे बेटावर त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याला पन्नासावे वर्ष चालू होते.

आज मोडलेल्या हाडाचे क्षकिरणचित्र काढून डॉक्टर ते नेमके कोठे मोडले हे काही मिनिटांत सांगू शकतात. ते चित्र वाचण्याची विद्या ज्यांच्यापर्यंत चालत आली, त्यांच्या परंपरेच्या आरंभी हा तरुण शिक्षक उभा आहे. त्याच्याबरोबर आणखी काही माणसे आहेत, त्यांचाही आपण विसर पडू देता कामा नये. पॅरिसच्या दफनभूमीतील ते अनाम मृत आणि लूव्हेनच्या खांबावरील तो दुर्दैवी मनुष्य, यांच्या अस्थी त्यांची संमती न घेता अभ्यासिल्या गेल्या, तरी जगाला त्यांनीच शहाणे केले. आता अनेक सज्जन मृत्यूनंतर आपला देह अभ्यासासाठी मिळावा म्हणून स्वखुशीने दान करतात. रात्रीच्या अंधारात खांबावर चढण्याची वेळ अशा ठिकाणी कोणा विद्यार्थ्यावर येत नाही.

ग्रंथ वाचावेत, गुरूंचा आदर करावा. पण ग्रंथात लिहिलेले आणि डोळ्यांना दिसणारे यांत अंतर पडले, तर पुन्हा एकदा नीट पाहावे, आणि चूक आपली निघाली तर ती आधी कबूल करावी. व्हेसेलियसने आयुष्यभर हेच केले. म्हणूनच आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक म्हणून जग त्याचे कृतज्ञतेने स्मरण करते.